गोष्ट कळली, मग तीनशे पानं कशाला?

वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालाची उत्तरं

'मुलं हल्ली वाचत नाहीत हो' अशी एका ओळीची तक्रार गेल्या वेळी आली होती आणि तिच्यावर मी जरा तिखट लिहिलं होतं. त्यानंतर बरीच पत्रं आली, त्यांतली काही इथं घेते. बहुतेकांनी मला 'टीचर' म्हटलंय. मी वर्गात कधी शिकवलं नाही. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात ग्रंथपाल होते, तिथूनच निवृत्त झाले. पण गोव्यात शाळेच्या आवारात साडीतली बाई दिसली की ती टीचरच. तेव्हा चालू द्या.

प्रश्न : टीचर, माझी मुलगी नववीत आहे. लहानपणी गोष्टींची पुस्तकं अधाशासारखी वाचायची. आता पुस्तकाला हात लावत नाही, पण कुठल्याही कादंबरीचं नाव काढा, गोष्ट तिला ठाऊक असते. यूट्यूबवर दहा मिनिटांत अख्खं पुस्तक सांगून मोकळे होणारे आहेत ना. परवा मी रागावले तर म्हणाली, "आई, गोष्ट कळली ना? मग तीनशे पानं कशाला?" मला उत्तर सुचलं नाही.
— एक आई, म्हार्दोळ

उत्तर : प्रश्न झकास आहे. 'वाचाल तर वाचाल' असलं भिंतीवर रंगवायचं उत्तर देऊन तिची बोळवण करू नका.

गोष्ट कळणं एवढंच काम असेल तर तिचं बरोबर आहे. पण तिला एक विचारा. कर्णाचं शेवटी काय होतं हे आपल्या गावात कुणाला ठाऊक नाही? तरी जत्रेतल्या नाटकात मध्यरात्र उलटून गेल्यावर त्याच्या रथाचं चाक रुततं तेव्हा मांडवात एक माणूस उठून जात नाही. सगळे कथानक माहीत असलेलेच बसलेले असतात. ते काय बघायला बसतात, ते तिचं तिलाच सांगू दे.

आता माझं म्हणणं. आमच्या शाळेत नववीतलीच एक मुलगी होती. तिनं एक जाडजूड कौटुंबिक कादंबरी नेली. मुदत वाढवून घ्यायला मधल्या सुट्टीत आली तेव्हा मी सहज विचारलं, कशी वाटते? "टीचर, ती सासू आहे ना, तिला बांयत (विहिरीत) लोटून द्यायला पाहिजे!" डोळे असे की बांय जवळ असती तर खरंच लोटली असती. पुस्तक कुठवर आलंय ते मी पाहिलं, शंभराच्या आत-बाहेर होती. त्या पानांत सासूचा राग येतोच, लेखिकेनं तो आणवलेलाच आहे. पुढं कधीतरी पुस्तक परत करायला आली. मी म्हटलं, "काय गं, लोटलीस का सासूला?" ती दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी. "तिचं पण बरोबर होतं, टीचर. म्हणजे बरोबर नव्हतं. पण..." तेवढ्यात घंटा झाली आणि ती पळाली.

पूर्ण पुस्तकानं त्या मुलीला काय दिलं म्हणाल, तर तो 'पण'. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सासू एका वाक्यात दुष्ट ठरते, फार तर दुसऱ्या वाक्यात बिचारी. दोन्हीकडे निकाल दुसऱ्यानं लावलेला असतो. पुस्तकात शंभर पानं तुम्ही स्वतः तिच्यावर चिडता, मनात तिला काय काय बोलता, आणि नंतर लेखिका सावकाश एकेक गोष्ट पुढं ठेवत जाते. कुणी वाद घालत नाही, 'बघ, मी म्हटलं नव्हतं' म्हणत नाही. आपलंच ठाम मत आपल्याच डोळ्यांदेखत सैल होत जातं. त्याला पानं लागतात आणि मध्ये दोन-चार रात्री जाव्या लागतात. पुस्तक मिटून झोपलो की मनात ती माणसं फिरत राहतात, तोही वाचनाचाच भाग.

हे चौदा-पंधराव्या वर्षी व्हावं असं मला फार वाटतं. त्या वयात मतं भराभर होतात आणि पक्की होतात. अमक्या मैत्रिणीशी बोलणं बंद, तमके सर वाईट, बाबांना काही कळत नाही. आणि आपली गावं केवढी! एका वाड्यावर कोण कुणाशी बोलत नाही हे सगळ्यांना पाठ. तिथं मत बदलायचं म्हणजे नाक खाली करणं. पुस्तकात ते बदललं तर कुणालाच कळत नाही. त्या वयाच्या मुलाला एवढी खासगी जागा दुसरीकडे कुठं मिळते, मला सांगा. फोनवर तर मुळीच नाही, तिथं प्रत्येक मताला अंगठा दाखवावा लागतो.

मुलगी पुढं म्हणेल, 'पण मधली पानं बोअर असतात.' असतात. ते कबूल करून टाका. ग्रंथालयातलं एखादं जुनं पुस्तक मिटून त्याच्या कडेकडे बघा. जिथून आपण पानं उलटतो तिथं बोटांचा मळ बसतो. कित्येक पुस्तकांचा पहिला पाव भाग काळपट आणि पुढं सगळं पांढरंशुभ्र. नेलं पुष्कळांनी, पोचलं कुणी नाही. आणि थोडी पुस्तकं अशी की पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी मळलेली. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून कपाटं रिकामी करून एकेक पुस्तक सुक्या फडक्यानं पुसावं लागे, तेव्हा हा मळ माझ्या नजरेत भरायचा. हेडमास्तरांकडे आलेल्या याद्यांपेक्षा माझा त्या कडांवर विश्वास जास्त. कुठल्या मुलाला काय द्यायचं ते मी त्यांच्यावरूनच ठरवायची.

त्या मळलेल्या पुस्तकांतही मध्ये संथ पानं आहेतच. शेतीचं वर्णन, कुणाचं तरी आजारपण, लांबलेला प्रवास. पण तिथूनच पुढचं बळ येतं. म्हातारा मेला याचं वाईट वाटायचं तर आधी वीस पानं त्याचं खोकणं ऐकावं लागतं.

व्हिडिओ बंद करू नका. उलट, जिचा सारांश तिनं पाहिलाय अशी एक कादंबरी तिलाच निवडू दे आणि सांगा, 'वाचून दाखव, त्या सांगणाऱ्यानं कुठं थाप मारलीय ते शोध.' या वयात मोठ्यांची चूक काढायला मिळणं याहून मोठं आमिष नाही. चुका सापडतात, याची खात्री मी देते.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. सावर्ड्याहून मडगावला क्लासला जातो, घरी यायला आठ वाजतात. आठवीपर्यंत मी खूप वाचायचो. आता पुस्तक उघडलं की चार पानांत हात फोनकडे जातो. एका मित्राचं म्हणणं, आपला मेंदू कायमचा बिघडलाय. खरं का?
— एक विद्यार्थी, सावर्डे

उत्तर : बाबा रे, तू दमलेला आहेस. बिघडलेला नाहीस. आठवीपर्यंत वाचत होतास म्हणजे रस्ता पायाखालचा आहे, गवत वाढलंय एवढंच.

मी शाळेत जे सांगायची ते सांगते. वाचताना फोन दुसऱ्या खोलीत, शक्यतो स्वयंपाकघरात फ्रिजवर. उलटा करून शेजारी ठेवलेला फोन हा शेजारी ठेवलेला फोनच असतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं चुळबुळ होणार. पाठ खाजेल, तहान लागेल, पंख्याचा आवाज येऊ लागेल. ती काढायची. त्यानंतर एकदा पुस्तकानं धरलं की धरलं. म्हणून रोज दहा-दहा मिनिटं वाचण्यापेक्षा रविवारी दुपारी सलग दीड तास बस. दहा मिनिटांत फक्त चुळबुळच वाट्याला येते.

शक्य तेवढं कागदावर वाच. नॉर्वेमध्ये दहावीच्या ७२ मुलांवर एक प्रयोग झाला होता, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. मजकूर तोच, काही मुलांना छापून दिला, काहींना संगणकाच्या पडद्यावर. ज्यांनी कागदावर वाचलं त्यांना तो जास्त चांगला समजला. संशोधकांचा एक अंदाज असा की कागदावर आपण कुठवर आलोय याचा अंदाज हाताला असतो, उजवीकडची पानं कमी होत जातात, पडद्यावर वर-खाली सरकवताना ते हरवतं. मला हे पटतं. 'ते डावीकडच्या पानावर खाली होतं' असं मुलं सांगायची आणि तिथंच ते निघायचं. बसमधून येताना मात्र फोनवर वाचलंस तरी चालेल. रीलपेक्षा ते बरंच.

आणि सुरुवात जाड पुस्तकानं नको. दीडशे पानांच्या आतलं घे म्हणजे दोन रविवारांत संपेल. संपवल्याचा आनंद या क्षणी तुला जास्त गरजेचा आहे. माझ्या त्या सारख्या मळलेल्या पुस्तकांत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' होती. १९५५ सालची कादंबरी, आकारानं लहान. पोरसवदा वयाचा एक मास्तर माणदेशातल्या धनगरवाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला जातो. माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख. आपल्याकडे चार महिने छपरावर पाऊस कोसळत असताना तिथल्या कोरड्या माळावरचं वाचायला एक वेगळीच गंमत आहे. वाक्यं छोटी, कुठं अलंकारिक भाषेचा फुलोरा नाही. मोठ्या वर्गातली मुलं ती हमखास पूर्ण करून आणायची, त्यात फुटबॉलच्या टीममधलीही असत.

नाही आवडलं तर सोड. पन्नासेक पानं प्रामाणिकपणे देऊनही मन लागलं नाही तर लाज वाटून घ्यायची नाही, दुसरं घ्यायचं. अर्धवट सोडायची मुभा नसली की माणूस नवं पुस्तक उघडायलाच घाबरतो. आठवीत आवडलेलं एखादं पुन्हा वाचायचं असेल तर तेही वाच. तुला ते वेगळं लागेल.

नीट-जेईईला याचा उपयोग काय, हे तू विचारलं नाहीस, पण तुझे वडील विचारतील. त्यांना पुढचं पेडण्याच्या गुरुजींना दिलेलं उत्तर वाचायला दे.

प्रश्न : आमच्या घरात बोलतात कोंकणी. मुलगा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकला, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. आता आठवीत आहे. त्याच्या आजोबांची मराठी पुस्तकं कपाटभर आहेत, पण तो एकही उघडत नाही. त्याला इंग्रजी पुस्तकं घेऊन द्यावीत की मराठीचा आग्रह धरावा?
— एक वडील, काणकोण

उत्तर : ही खास आपल्या गोव्याची भानगड आहे आणि तिच्याकडे कुणी नीट लक्ष देत नाही.

चौथीनंतर माध्यम बदललं की मुलाचं मराठी वाचन तिथंच थांबतं. वय वाढतं, वाचन दहाव्या वर्षाचंच राहतं. मग तेराव्या वर्षी त्याच्यासमोर दोन प्रकारची मराठी पुस्तकं येतात. ससा-कोल्ह्याची, जी त्याला वाचता येतात पण पोरकट वाटतात; आणि आजोबांची ऐतिहासिक कादंबरी, जी त्याच्या वयाला आवडेल, पण पहिल्याच पानावर 'खलिता', 'मुजरा', 'पडदानशीन' असले शब्द गर्दी करून उभे असतात. मधलं काही त्याच्या हाती लागतच नाही. त्यात त्याची इंग्रजीही अजून पाठ्यपुस्तकाचीच. म्हणून तो कुठलंच पुस्तक उघडत नाही आणि घरचे म्हणतात, आळशी आहे.

ज्या भाषेत तो न अडखळता वीस पानं जाईल, त्या भाषेत आधी वाचू दे. ती इंग्रजी असेल तर इंग्रजी. पूर्ण पुस्तक संपवण्याची सवय एका भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेत नेता येते. याचं मला काही वाईट वाटत नाही, आणि मराठीवाल्यांनी माझ्यावर डोळे वटारू नयेत.

मराठीचा पूल मात्र तुम्ही बांधायचा. आजोबा आहेत का? असतील तर त्यांना सांगा, कादंबरीचं पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचा. रात्री जेवणानंतर, मुलगा ऐकतो की नाही इकडे लक्ष न देता. कानावरून गेलेला शब्द डोळ्यांना अडत नाही. आपल्याकडे जत्रेतल्या, चतुर्थीतल्या नाटकांमुळे जुनं भारदस्त मराठी कितीतरी निरक्षर माणसांना तोंडपाठ होतं, ते ऐकूनच. गावात नाटकाच्या तालमी चालू असतील तर मुलाला प्रॉम्प्टर करा. हातात संहिता, समोर नट अडलेला. तिथं वाचल्यावाचून सुटका नाही.

कोंकणी पुस्तकंही द्या. लिपी देवनागरी, भाषा घरची, मग अडतंय कुठं? आणि पणजीला काही कामानं याल तेव्हा त्याला पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात घेऊन जा, कदंबच्या बसस्टँडपासून जवळ आहे. १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं ग्रंथालय, आता मोठ्या नव्या इमारतीत. मुलांचा विभाग वेगळा आहे. त्याला आत सोडा आणि तुम्ही बाहेर चहा प्यायला जा. बाप मागे उभा असला की मूल बापाला आवडणारं पुस्तक उचलतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर वाचलं, त्याचं फळ म्हणजे पेन्शन आणि चष्मा. माझ्या वर्गातले न वाचणारे आज हॉटेलं आणि बार्जी (मालवाहू नौका) चालवतात. वाचन माणसाला मोठं करतं हे आपण उगाच सांगत असतो असं वाटत नाही का? शिवाय मोठी पुस्तकंच कशाला, चांगला लेख पुरतो.
— एक गुरुजी, पेडणे

उत्तर : गुरुजी, तुमच्या पहिल्या म्हणण्याशी माझं भांडण नाही. वाचनानं पैसा येत नाही. माणूस चांगलाही होतोच असं नाही. भरपूर वाचलेली खडूस माणसं तुमच्याही ओळखीची असतील. वाचनाच्या प्रचारकांनी हे दोन दावे सोडले तर बरं.

काय होतं ते मात्र थोडंफार तपासलेलं आहे. १९७० साली ब्रिटनमध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा तिथले संशोधक जन्मापासून मागोवा घेत आले आहेत. त्यातल्या सुमारे सहा हजार मुलांची माहिती घेऊन अॅलिस सलिव्हन आणि मॅट ब्राउन या दोघांनी २०१३ साली हिशेब मांडला. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी जी मुलं आपल्या आवडीनं वाचत होती त्यांची प्रगती न वाचणाऱ्यांपेक्षा जास्त झालेली दिसली. शब्दसंग्रहात ती सर्वांत ठळक, हे कुणीही सांगेल. पण गणितातही दिसली. आईवडील किती शिकलेले यापेक्षा मुलाच्या वाचनाचा संबंध जास्त निघाला. घरची परिस्थिती आणि आधीचे गुण लक्षात घेऊनही. तीच माणसं बेचाळीस वर्षांची झाल्यावर पुन्हा शब्दांची चाचणी घेतली, तर लहानपणीचे वाचक तेव्हाही पुढं होते. आता हुशार मुलंच जास्त वाचतात, वाचल्यानं हुशार होतात असं नाही, ही शंका असल्या अभ्यासात पूर्ण पुसता येत नाही, हे तुम्ही मला सांगण्याआधी मीच सांगते. तरी ज्या घरात कुणी पदवीधर नाही त्या घरातल्या मुलाला ग्रंथालयाचं कार्ड काढून देणं हा स्वस्तातला सौदा आहे, एवढं माझ्यापुरतं मी त्यावरून काढलं.

लेख पुरतो या तुमच्या म्हणण्याला आपल्या मातीतलाच पुरावा आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६चा. शालेय शिक्षण अगदी जुजबी, घरच्या नारळांची व्यवस्था बघण्यात दिवस जात. 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं छोटं चरित्र वाचलं आणि त्यांच्या मनानं घेतलं. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवलंय. मासिकातला मजकूर, तोही मुलांसाठीचा! म्हणजे ठिणगी लेखानंच पडली, मान्य.

पण पुढं बघा ना. तेवढ्यावर भागलं असतं तर कोसंबी सांकवाळला बुद्धाबद्दल चार गोष्टी सांगणारे गृहस्थ झाले असते. त्यांना अख्खं वाचायचं होतं, म्हणून १८९९मध्ये घर सोडलं. पुण्याला संस्कृत, मग काशी, नेपाळ, शेवटी सिलोनला जाऊन पाली. एवढी वणवण मूळ ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून. पुढं 'विसुद्धिमग्ग' या अवाढव्य पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्डपर्यंत जाऊन आले. माझ्या मते लेख आणि पुस्तक यांचं भांडण लावण्यात अर्थ नाही. पण लेख वाचून भूक लागली आणि मोठं पुस्तक पचवायची ताकदच नसली, तर ती भूक तशीच मरते. ती ताकद पंचविशीत कमवणं जड जातं. तेव्हा नोकरी असते, बाळ रडत असतं. पंधराव्या वर्षी मे महिन्याच्या दुपारी ती फुकटात येते.

आणखी एक. साठी-सत्तरीतल्या माणसांना आठवणी विचारल्या तर त्या सर्वाधिक निघतात साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यानच्या. स्मरणशक्तीचे अभ्यासक हे वारंवार सांगत आले आहेत. तुम्ही स्वतःच आठवून बघा, निवृत्तीनंतर वाचलेल्या पुस्तकातल्या पात्रांची नावं किती आठवतात आणि मॅट्रिकच्या आधी वाचलेल्यांतली किती. बार्जवाल्या वर्गमित्राकडे ती नावं नाहीत. त्याला त्यांची उणीव भासते की नाही, हे तुम्ही त्यालाच विचारून मला कळवा. मी हे थट्टेनं म्हणत नाही, उत्तर छापीन.

प्रश्न : मी दहावीत. आईनं माझी कादंबरी कपाटात कुलूप लावून ठेवलीय, परीक्षा झाल्यावर मिळेल म्हणते. ती म्हणते, मराठीच्या पुस्तकात कादंबऱ्यांचे उतारे आहेत, तेवढे वाच, मार्क तरी मिळतील. तुम्ही तिला समजावा ना.
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : आईला समजावायला मी येणार नाही, ती तुझ्या पोटासाठीच बोलते. पण तिच्यासाठी एक निरोप देते.

बाई, पाठ्यपुस्तकातला उतारा हा प्रश्न विचारता यावेत म्हणून कापलेला असतो. त्याला सुरुवात, मध्य, स्वाध्याय असं सगळं असतं. कादंबरीत ज्या पानावर लेखकाला काही सांगायचंच नसतं, माणसं नुसती जेवतात, भांडतात, गाडीची वाट बघतात, ती पानं उताऱ्यात कधीच येत नाहीत. आणि मुलगी रमते ती नेमकी तिथं. अभ्यास झाल्यावर रात्री अर्धा तास कादंबरी, त्यानंतर दिवा बंद, असा करार करा. कुलूप लावलंत तर भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचेल. आमच्या शाळेत ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि भूगोल जाड असल्यामुळे तोच पसंतीचा.

मुली, कराराच्या बाहेर पाचसुद्धा मिनिटं घेऊ नकोस. एकदा पकडली गेलीस की पुन्हा कुलूप.

प्रश्न : वाचताना आवडलेल्या वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या तर चालतात का?
— आठवीतला एक विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : पुस्तक स्वतःचं असेल तर खुशाल मार, समासात भांडणसुद्धा कर. ग्रंथालयाचं असेल तर एक रेघही नाही. एक वही कर, वाक्य आणि पान क्रमांक तिच्यात उतर. पुस्तकात खूण ठेवायला बसचं तिकीट चालेल. पानाचा कोपरा दुमडशील तर ग्रंथपाल दंड करो न करो, मी करीन.